चादरीचं दुसरं टोक

पहाटे पावणेपाचला नळ आला. सोलापुरात वाढलेल्या माणसाला हे कुणी सांगावं लागत नाही. आधी पाइपातून हवा फुसफुसते, मग कुणीतरी घसा खाकरल्यासारखा आवाज होतो आणि मग बादलीत धार पडते, पुण्यात वीस वर्षं काढूनसुद्धा तो आवाज मला झोपेत कळतो. आदल्या संध्याकाळी हुतात्मा एक्सप्रेसने निघाले होते, घरी पोचेपर्यंत साडेदहा झालेले, त्यामुळे जाग आली तरी उठले नाही. अंगावर आईने पेटीतून काढून ठेवलेली चादर होती, ती डोक्यावरून घेऊन आत मोबाइलचा उजेड करून पडून राहिले, ऑफिसच्या ग्रुपवरचे मेसेज वाचत, ज्यातला एकही त्या वेळी वाचायची गरज नव्हती. तेवढ्यात मागच्या मोरीतून एक वेगळा आवाज यायला लागला. कर्र. लोखंडावर काहीतरी ताणल्यासारखा. मग पाणी गळल्याचा, मग परत कर्र. मी म्हटलं बादली सरकवत असेल आई. बराच वेळ मी असंच म्हणत पडून राहिले.

शेवटी उठून गेले तर आई मोरीत उभी होती, पदर खोचलेला, पायात अण्णांच्या जुन्या रबरी चपला. समोर खिडकीच्या गजाला दोरीचा एक फासा बांधलेला, त्यात ओल्या चादरीचं एक टोक ओवून अडकवलेलं आणि दुसरं टोक आईच्या दोन्ही हातांत. ती मागे रेलून, पाय भिंतीच्या कडेला रोवून, चादर पिळत होती. पिळा जसा घट्ट होत जाईल तशी ती थोडी थोडी पुढे ओढली जायची, मग परत मागे रेलायची. खाली घमेलं ठेवलेलं, त्यात पिळलेलं पाणी पडत होतं, ते पुढे फरशी पुसायला. दिवा लावलेला नव्हता, बाहेरच्या खांबावरच्या दिव्याचा जेवढा उजेड खिडकीतून येत होता तेवढ्यावरच चाललेलं. मला बघून म्हणाली, "उठलीस होय गं? झोप की आणखी. दमून आलीस." आणि परत पिळायला लागली.

मी घरात होते. जागी होते. आठ पावलांवर होते. तिने हाक मारली नाही.

हे मला तेव्हापासून टोचतंय, आणि टोचतंय ते नेमकं काय हे सांगायला गेलं की जरा निसटतं. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, एकटी राहते, सगळी कामं एकटीच करते, हे काय मला माहिती नव्हतं असं नाही. रोज फोन होतो. जेवलीस का, गोळी घेतलीस का, पाणी आलं का. पण त्या तिसऱ्या प्रश्नाच्या पलीकडे पाणी आल्यावर काय काय होतं हे मी कधी विचारलंच नव्हतं. पाणी येतं चार-पाच दिवसांनी, म्हणजे मोठं धुणं त्याच दिवशी, म्हणजे चादरी त्याच दिवशी, आणि चादर पिळायला दोन माणसं लागतात. हे गणित लहानपणापासून माझ्या हाताला पाठ होतं आणि तरी ते मी कधी मांडलं नाही.

ज्यांच्याकडे खरी सोलापुरी चादर आहे त्यांना वेगळं सांगायला नको, पण ती कोरडी असतानाच हाताला वजन देते आणि भिजली की एका माणसाला बादलीतून नुसती उचलून बाहेर काढता येत नाही, ती टप्प्याटप्प्याने काढावी लागते, आधी एक कोपरा, मग थोडा पोटाचा भाग, मग बाकीची. आमच्याकडे एकूण नऊ होत्या. अण्णा कारखान्यातून आणायचे, बहुतेक सेकंडमधल्या, कुठेतरी एक धागा चुकलेला, एखाद्या फुलाची पाकळी तुटलेली. ते घरी आणून चादर पसरायचे आणि आम्हा दोघा भावंडांना सांगायचे, चूक शोधा. ज्याला सापडेल त्याला चाराणे. एका बाजूला लाल जमीन काळं फूल असेल तर उलट्या बाजूला काळी जमीन लाल फूल, त्यामुळे एका बाजूला चूक सापडली की उलटून दुसऱ्या बाजूलाही ती बघायची, तिथे ती वेगळ्याच रंगात दिसायची. भाऊ नेहमी जिंकायचा. मला चूक शोधण्यापेक्षा त्या नव्या चादरीचा वास घ्यायला जास्त आवडायचं, खळीचा, रंगाचा, थोडा मशीनच्या तेलाचा. अण्णांच्या शर्टालाही तोच वास असायचा, त्यामुळे चादरीचा वास म्हणजे अण्णांचा वास असं डोक्यात बसलं ते बसलंच.

आजोबा गिरणीत होते, अण्णा पण गिरणीतच लागले, पण नव्वदच्या दशकात ती बंद पडली आणि मग अण्णा पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात जॉबर म्हणून गेले. माग बिघडला की जॉबरला हाक. त्या खटखटीत आयुष्य गेलं. मी डबा द्यायला जायचे तेव्हा बाहेरच्या बोळात असल्यापासूनच पायाखाली जमीन थरथरायची, आत गेलं की कुणी काय बोलतंय ते ऐकूच यायचं नाही, सगळे ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलायचे. चाळिशीतच अण्णांना कमी ऐकू यायला लागलं. त्यामुळे आमच्या घरात सगळे मोठ्याने बोलतात. पुण्यात आल्यावर हॉस्टेलच्या मुली मला हळू बोल म्हणायच्या. अण्णांना जाऊन आता चार वर्षं होतील, घरात ऐकू न येणारं कुणी नाही, ऐकणारंच कुणी नाही खरं तर, तरी आई अजून मोठ्यानेच बोलते. देवाशीसुद्धा.

घट बसायच्या आधी घरातली सगळी अंथरूण-पांघरुणं धुवायची, हे तर सगळीकडेच असतं. आमच्याकडे त्यासाठी अण्णा सुट्टी काढायचे. कधी कधी हातगाडीवर गाठोडं टाकून कंबर तलावावर जायचो, आता त्याला संभाजी तलाव म्हणतात. आई आपटायची, आम्ही दोघं चादरीवर नाचल्यासारखं पाय द्यायचो आणि पिळायला अण्णा आणि आई. मला त्यात घुसायचं असायचं. मग अण्णा आपलं टोक माझ्या हातात द्यायचे आणि मागे उभं राहून माझ्या हातांवर आपले हात ठेवायचे. एक नियम त्यांनी सांगितलेला, समोरासमोर उभं राहायचं आणि दोघांनी आपापल्या उजवीकडे पिळायचं, मग पिळा बसतो. एकाने उजवीकडे आणि दुसऱ्याने डावीकडे केलं की चादर नुसती गोल फिरत राहते, पाणी निघत नाही. लहानपणी मला हे कोडंच वाटायचं, दोघांनी उजवीकडेच करायचं, तरी पिळा कसा बसतो.

आणि मग वाळल्यावर घडी. ते काम माझ्या जास्त लक्षात आहे. गच्चीवर आई एका टोकाला, अण्णा दुसऱ्या टोकाला. चार कोपरे ताणून एक झटका द्यायचा, चादरीच्या पोटातून वाऱ्याची एक लाट जायची, मग लांबीला दुमडायची, मग परत दुमडायची आणि मग अण्णा चार पावलं चालत आईकडे यायचे आणि आपले कोपरे तिच्या कोपऱ्यांना जुळवून तिच्या हातात द्यायचे. मग खाली वाकून मधली घडी उचलायची. नऊ चादरी, नऊ वेळा. आमच्या घरात आई-अण्णा एकमेकांच्या शेजारी बसलेले मी फोटो सोडला तर पाहिले नाहीत. आजी होती, आत्या होत्या, चाळीसारखं घर, तेव्हा सगळ्यांकडेच तसं होतं. त्यांची बोटं एकमेकांच्या बोटांना लागायची ती मी फक्त या घडीच्या वेळी बघितली. तेव्हा त्यात काही बघण्यासारखं आहे हे कळण्याचं वय नव्हतं. आता मात्र गच्चीवरचं ऊन, चादरीचा तो लाल रंग आणि हातात हात द्यायच्या आधी अण्णांनी विजारीला पुसलेली बोटं, हे इतकं स्वच्छ दिसतं की मी नंतर रचलंय की काय अशी शंका येते.

अण्णा गेल्यावर पहिल्या दिवाळीला भावाने आणि मी मिळून आईला वॉशिंग मशीन घेऊन दिली. तिच्यावर आता शेंगा-चटणीचे आणि कडक भाकरीचे डबे असतात, खाली कव्हर घातलेलं. मी चिडायचे. फोनवर दर वेळी तोच विषय. तिचं म्हणणं एवढंच, मशीन पाणी फार खाते, तेवढ्या पाण्यात माझे दोन दिवस जातात. मग मी पातळ, हलकं, फ्लीसचं ब्लँकेट पाठवलं, धुवायला सोपं म्हणून. ते तिने घडी करून पाहुण्यांसाठी ठेवलंय. म्हणते, अंगावर काही घेतल्यासारखंच वाटत नाही त्याच्यात, झोप लागत नाही. मला हा हट्ट वाटायचा. पण त्या सकाळी तिच्या चादरीत झोपले होते ना मी, इतक्या वर्षांनी, आणि तो भार अंगावर आल्यावर मलाही अशी झोप लागली होती की मध्ये एकदाही कूस बदलल्याचं आठवत नाही.

मी पुढे होऊन गजातलं टोक काढायला गेले तर आई म्हणाली, "राहू दे, होतंय की माझं." तरी काढलं. आणि पिळायला लागले तर पिळाच बसेना. मी डावीकडे फिरवत होते. आई थांबली, माझ्या हातांकडे बघितलं, काही बोलली नाही, फक्त तिच्या हातांनी एकदा हवेत फिरवून दाखवलं, अशी, उजवीकडे. मशीनमधून कपडे बाहेर काढायची सवय झालेले माझे हात तेवढंही विसरले होते. दुसऱ्या पिळ्याला माझं टोक हातातून निसटून खाली पडलं आणि आईला ते परत धुवावं लागलं, त्यात अर्धी बादली पाणी गेलं. तिला गजच बरा पडत असणार हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं आणि त्याने जे वाटलं ते अपराधीपणापेक्षा जरा वेगळंच होतं, आपल्या जागेवर दुसरं कुणीतरी बसलंय आणि ते आपल्यापेक्षा चांगलं काम करतंय असं काहीतरी.

पूर्वी शेजारच्या अक्का यायच्या. तेलुगू बोलणाऱ्या, दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या, आईने भिंतीवरून हाक मारली की सूप बाजूला ठेवून यायच्या आणि चादरीचं टोक धरायच्या. तंबाखूच्या बोटांचा वास चादरीला लागेल म्हणून आधी साबणाने हात धुवायच्या. त्या कुंभारीच्या विडी घरकुलात राहायला गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. बोळातली बाकीची घरं एक तर भाड्याने दिलेली किंवा कुलूप लावलेली. आमच्यासारख्यांचीच, पुण्याला, हैदराबादला, बेंगळुरूला गेलेल्यांची.

त्या दिवशी 12 जानेवारी होती. अण्णा असते तर सकाळी आंघोळ करून आधी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालायला गेले असते. 1931 साली याच तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिलं, आणि त्याच्या आदल्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा आजोबा पंधरा-सोळा वर्षांचे होते, ते या गोष्टी डोळ्यांनी बघितलेलं सांगायचे आणि अण्णा आम्हाला आजोबांच्या शब्दांत सांगायचे. आता मी माझ्या मुलाला सांगते तेव्हा वाक्यं छोटी झालेली असतात. संध्याकाळी पुण्याहून सोलापूरला येणाऱ्या गाडीला हुतात्मा का म्हणतात एवढंच त्याला माहिती आहे.

दुसऱ्या दिवशी भोगी. आईने खेंगट, म्हणजे भोगीची मिसळीची भाजी, केलं, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, आणि माझ्या ताटात वरून लोणी. स्वतः भाकरी कुस्करून खेंगटात भिजवून घेतली. पूर्वी कडक भाकरीचा तुकडा दाताखाली मोडल्याचा आवाज आईचाच सगळ्यात मोठा असायचा. दुपारी सिद्धेश्वरांच्या यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला चल म्हटलं तर नको म्हणाली, "गर्दीत पाय ठरत नाहीत गं आता. तू जा. माझ्या वाटच्या चार अक्षता टाक." तर मी एकटी गेले. सातही नंदीध्वज संमती कट्ट्याजवळ आले, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, एकाने कमरेशी तोललेला तो उंच ध्वज आणि त्याच्या आजूबाजूला हात पुढे करून चालणारे बाकीचे, तो थकला की लगेच घ्यायला. लहानपणी हे मी अण्णांच्या खांद्यावरून बघायचे. तिथून ध्वजाचा शेंडा दिसायचा, आता गर्दीत उभं राहिल्यावर धरणाऱ्याचे पाय दिसतात, किती छोटी छोटी पावलं टाकतो तो. एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्रचा गजर झाला, मग सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम, आणि अक्षतांचा पाऊस. आईच्या वाटच्या चार टाकल्या. मग अण्णांच्या वाटच्या टाकाव्यात का हे मला ठरवता येईना आणि तेवढ्यात झालंच सगळं. तांदळाचे दाणे मुठीत तसेच घेऊन घरी आले.

गड्ड्यावरून, म्हणजे यात्रेतून, आल्यावर पाय धुवायला मोरीत गेले आणि तेव्हा पहिल्यांदा तो फासा नीट बघितला, दिवसाच्या उजेडात. सुती दोरी होती, मळून काळी पडलेली, हात लागून लागून गुळगुळीत झालेली. गजाचा हिरवा रंग नेमका तेवढ्याच जागी उडालेला, खालचं लोखंड चकचकीत. एवढं घासायला किती चादरी लागल्या असतील. आणि दोरीची दोन टोकं जोडलेली गाठ होती, ती छोटी, चपटी, आवळ, शेपट्या अगदी कापल्यासारख्या आखूड. मागावर ताण्यातला धागा तुटला की जोडतात ना, ती गाठ. ओढाल तितकी घट्ट बसते. मला ती येते. पाचवीत असताना अण्णांनी लोकरीवर शिकवली होती, उंबऱ्यावर बसून, मला जमेना तेव्हा तेरा-चौदा वेळा सोडून परत बांधून दाखवली होती.

मी आईला हाक मारून विचारलं, हे कुणी बांधलं.

"ह्यांनीच की," आई आतून मोठ्याने म्हणाली. "दुसरं कोण बांधणार?"

मग बाहेर आली, हात पुसत, आणि दारात उभी राहून सांगितलं. शेवटच्या वर्षात, तो हलका झटका येऊन गेल्यावर, डाव्या हातात बळ राहिलं नव्हतं. एकदा पिळताना चादर त्यांच्या हातातून सुटली आणि आई मागे भिंतीवर आदळली. लागलं काही नाही, पण ते खूप वेळ बोलले नाहीत. संध्याकाळी स्टूल घेऊन मोरीत येऊन बसले, डाव्या हाताने दोरी नुसती दाबून धरली, उजव्या हाताने आणि दाताने गाठ मारली. अर्धा तास लागला म्हणे. मग स्वतःच ओढून बघितली, उठून उभे राहिले आणि सगळा भार टाकून ओढून बघितली. पुढच्या पाण्याच्या दिवसापासून आई गजाला लावून पिळायची आणि अण्णा स्टुलावर बसून बघायचे. "हितं बसायचे," आई म्हणाली आणि जिथे आता निरम्याची बरणी असते तिकडे बोट दाखवलं. "आणि म्हणायचे, उजवीकडे, उजवीकडे. मला काय माहीत नव्हतं होय उजवीकडे?"

त्या वर्षी मी तीनदा सोलापूरला आले होते. डॉक्टर, एमआरआय, औषधांच्या वेळांचा तक्ता, सगळं मी केलं होतं, फ्रिजवर चिकटवलेला तो तक्ता अजून तिथेच आहे. मोरीत गेले असणार, पाय धुतले असणार. फासा दिसला नाही.

सोळा तारखेला परत पाणी आलं. या वेळी मी आधीच उठून बसले होते. आईने आम्ही वापरलेल्या दोन चादरी काढल्या, मी आपटल्या, खांदे भरून आले, तिने खळखळून घेतल्या. मग तिने चादरीचं टोक उचललं आणि सवयीने सरळ गजाकडे गेली, फाशात ओवलंसुद्धा, मग मागे वळून बघितलं, परत काढलं आणि माझ्या हातात दिलं. मी पाय रोवले. उजवीकडे. आईच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या होत्या, मनगटं एवढीशी झालीयेत आणि तरी त्या मनगटांतून जो पीळ माझ्या हातापर्यंत येत होता तो मला दोनदा पुढे ओढून गेला. तोंडाने ती काही म्हणत नव्हती पण पिळताना नाकातून जोरात श्वास सोडायची, तो लहानपणीचाच, मला ओळखीचा. घमेल्यात पाणी पडत राहिलं.

दुपारी गच्चीवर घडी घातली. जानेवारीतलं ऊनसुद्धा सोलापुरात दुपारी टोचतं. झटका दिला तर आईच्या हातून एक कोपरा सुटला, तिने वाकून परत उचलला. दुमडली, परत दुमडली, आणि मग तिकडून ती यायला निघाली तर मीच चालत गेले आणि माझे कोपरे तिच्या हातात दिले. तिची बोटं पाण्याने फुगून पांढरी पडलेली, थंड. तिने कोपरे घेतले आणि माझी बोटं पण तशीच धरून ठेवली, एक क्षणभर असेल, मग म्हणाली, "मधली घडी उचल की, काय बघत बसलीस."

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेसहाची गाडी होती. बॅगेत कडक भाकऱ्या, चटणी, आणि आईने न विचारता घातलेली एक चादर, काळ्या-लाल फुलांची, त्यातली तुटकी पाकळी मला आता बघितल्याबरोबर सापडते. निघायच्या आधी मोरीत गेले. डोक्यात असं होतं की तो फासा सोडून सोबत न्यावा, अण्णांच्या हातची ती एवढीच गाठ आता शिल्लक असेल, आणि आईला बाजारातून एखादा मजबूत हूक आणून बसवून घ्यायला भावाला सांगावं. नखाने गाठ चाचपत होते तेवढ्यात आई मागे येऊन उभी राहिली.

"सोडू नको गं ते," ती म्हणाली. "सोमवारी परत पाणी आहे."